पश्चिमेच्या बुरुजाखालची माती

आमच्या गावाचं नाव मी या प्रकरणात लिहिणार नाही. देवणीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, मांजरेच्या खोऱ्यात ते आहे, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच, आणि त्यांनी ओळखावं असं मला एकीकडून वाटतं, एकीकडून वाटतही नाही. आयुष्यभर नांदेडच्या शाळेत इतिहास शिकवला. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, त्यांच्या वडिलांना बोलावून घेतलं. ती पोरं आता पन्नाशीची झाली असतील. त्यांनी हे वाचलं तर मला काय म्हणतील, या विचारानं हे पान गेली कित्येक वर्षं कोरं राहिलं.

गावात जुन्या म्हणाव्यात अशा तीनच वास्तू होत्या. एक आमची गढी. एक नदीकाठचं अर्धं जमिनीत रुतलेलं काळ्या दगडाचं देऊळ, ज्यात महादेवाला भेटायला वाकून जावं लागे. आणि तिसरं, गावाच्या खालच्या अंगाला, ख्रिस्ती वस्तीतलं चर्च. चर्च म्हटल्यावर डोळ्यांपुढे उंच मनोरा येतो तसलं काही नव्हतं. मिशनच्या कुण्या गोऱ्या साहेबानं फार पूर्वी बांधून घेतलेली एक लांबट खोली होती, गढीच्याच पडलेल्या दगडांची. पण तिला टोकदार कमानीच्या दोन खिडक्या होत्या आणि संध्याकाळी त्या खिडक्यांतून ऊन आत गेलं की बाहेरून बघणाऱ्यालाही गप्प व्हावंसं वाटे. वर छत मात्र आपल्या सगळ्यांसारखंच, मातीचं माळवद. दारातल्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. रविवारी सकाळी तो वाजला की आमची आई, जणू घड्याळच वाजलं, अशी चुलीवर दुसरा तवा चढवायची.

गढी आमची म्हणजे सातबाऱ्यावर आमची. तिच्यात कुणी राहत नव्हतं, पारव्यांखेरीज. आम्ही राहायचो खाली गावातल्या साध्या घरात. सकाळी ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज, त्यावर करडईचं तेल सोडलेली अंबाडीची भाजी, दुपारी गोठ्यात देवणी बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या, असं ते घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, फार बोलत नसत. त्यांना बोलायची गरजही पडत नसे, कारण गावात त्यांचा शब्द त्यांच्या आधी पोचायचा. त्या वयात मला याचा अभिमान वाटायचा. आता वाटत नाही.

नाताळात ख्रिस्ती वस्तीतून आमच्याकडे करंज्यांचं ताट यायचं. आई ते हसून घ्यायची, ताट रिकामं जाऊ नये म्हणून त्यात गूळ घालून परत द्यायची, आणि करंज्या गुरांना घालायची. एकदा मी गव्हाणीतून एक उचलून खाल्ली. तीळ-गुळाचं सारण, आमच्यासारखंच. वेलदोडा थोडा जास्त. आईला मी ते सांगितलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी करंज्या गव्हाणीत पडताना बघतही राहिले. माझ्या गप्प बसण्याची सवय अशी जुनी आहे.

आता मातीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. आमच्याकडची माळवदं ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगायचं तर, लाकडी सरांवर, म्हणजे तुळयांवर, फळ्या किंवा काटक्या, त्यावर तरवडाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी माती रानात मिळत नाही. ती जुन्या गढीची. शेकडो वर्षं पाणी पिऊन बसलेली, पिठासारखी मऊ, आणि एकदा चोपली की पावसाला आत येऊ देत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, अख्खं गाव गढी पोखरायचं. आज आपण ज्याला वारसा म्हणतो तो आम्ही टोपल्यांनी भरभरून घरावर चढवत होतो, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. फक्त कुणी कोणत्या बाजूनं खणायचं ते अण्णा ठरवायचे. वरची आळी दक्षिणेकडून, मुसलमान मोहल्ला उत्तरेकडून, असं. पूर्वेच्या बाजूला कुणी हात लावत नसे. तिथं पिढ्यान् पिढ्या गावाचा उकिरडा पडलेला, माती राखेनं आणि शेणानं भुसभुशीत झालेली.

माळवद घालण्यात गावात एकच माणूस वाकबगार होता. शांतवन. आज मी त्यांना शांतवनबाबा म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. तेव्हा आमच्या घरातलं शेंबडं पोरही त्यांना ‘ए शांतवन्या’ म्हणायचं, मीही म्हणायची, आणि ते ‘जी ताईसाब’ म्हणायचे. साठीचा माणूस, मी तेरा वर्षांची. ते चर्चच्या वस्तीतले. चर्चची झाडलोट, रुळाचा तुकडा वाजवणं आणि माळवदाची देखभाल ही त्यांची पिढीजात कामं. पण त्यांच्या हातचं माळवद सगळ्या गावाला हवं असे. आमच्याही घरावर त्यांचंच होतं. माती निवडण्याची त्यांची रीत मी कितीदा बघितली होती. आधी चिमूट जिभेवर ठेवायचे. मग तिचा चिखल मळून वाटी करायचे, उन्हात वाळवायचे आणि तिच्यात पाणी ओतून कामाला लागायचे. संध्याकाळी पाणी वाटीत तसंच दिसलं तर माती पास. मग लाकडी चोपण्यानं चोपायला बसायचे. तो धप् धप् आवाज वरून येऊ लागला की घरातल्या बायका खाली ताटं झाकून ठेवायच्या, कारण माती गळायची. त्यांनी घातलेल्या माळवदाखाली झडीतसुद्धा बिनघोर झोप लागते, असं अण्णा कुणालाही सांगायचे. अण्णांकडून एवढी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

गढीला पश्चिमेकडे एक बुरूज उरला होता. त्याच्या पोटात एक कोनाडा होता, माणूस पाय दुमडून बसेल एवढा, आणि समोर बंदुकीसाठी ठेवलेली एक तिरकी फट. तिच्यातून नदी दिसायची, चर्चचं माळवद दिसायचं, आणि मला कुणी बघू शकत नसे. सातवीच्या परीक्षेनंतर शाळेच्या कपाटातली पुस्तकं आणून मी तिथं वाचत बसायची. गावात मुलीला एकटीनं बसायला जागा नसते, हे ज्या बायका गावात वाढल्या त्यांना वेगळं सांगायला नको. घरात बसलं की कुणी तांदूळ निवडायला देतं, अंगणात बसलं की कुणी विचारतं, इथं काय करायलीस. तो कोनाडा एवढाच माझा होता. मला वाटायचं, तो मला सोडून कुणालाच ठाऊक नाही.

त्या वर्षी चर्चचं माळवद पूर्ण उकलून नव्यानं घालायचं ठरलं. जुने सर वाळवीनं खाल्ले होते. मिशननं सागाचे नवे दिले, वस्तीतल्या बायकांनी तरवड तोडून वाळवला. एवढ्या मोठ्या छताला माती भरपूर लागणार होती, चार-पाच दिवस सगळ्या वस्तीनं वाहिली तरी पुरेल की नाही अशी. शांतवनबाबा आदल्या दिवशी येऊन अण्णांना विचारून गेले, कुठल्या बाजूची ते तेवढं ठरायचं होतं. सकाळी अण्णा बैल बघायला देवणीच्या बाजाराला निघाले. गाडीत बसता बसता मला म्हणाले, शांतवन्या आला की त्याला पश्चिमेच्या बुरुजाखालची दाखव, तिथली सगळ्यात चांगली आहे. मी म्हटलं, अण्णा, बुरूज पडेल. ते म्हणाले, पडला तर पडला, त्याला काय पूजायचं आहे. आणि गाडी गेली.

शांतवनबाबा आले ते सात-आठ माणसं, बायका, टोपल्या, कुदळी घेऊन. मी त्यांच्या पुढे चालत गढीपर्यंत गेले. चालताना मी काहीच ठरवलं नव्हतं. गढीशी आल्यावर डावीकडे वळलं की पश्चिम आणि उजवीकडे वळलं की पूर्व. मी उजवीकडे वळले. पूर्वेच्या उताराकडे हात करून म्हटलं, अण्णांनी इथली सांगितलीय.

शांतवनबाबांनी वाकून चिमूटभर माती उचलली. जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग माझ्याकडे बघितलं.

“ताईसाब, ही उकिरड्याची हाय. पानी धरती. माळवदाला चालायची न्हाई.”

“अण्णांनी हीच सांगितलीय.”

“पच्चिमेची कामून नगं?”

“दुसरीकडं हात लावायचा न्हाई म्हणालेत,” मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. मागं उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणी तरी पुटपुटली. त्यांनी हातानं तिला गप्प केलं. पुढे सगळं आयुष्यभर मी स्वतःला सांगत आले की त्यांना माझं खरं वाटलं असेल. पण ज्या माणसाला माती जिभेवर कळत होती त्याला तेरा वर्षांच्या पोरीचं खोटं कळलं नसेल, हे मला तरी कसं पटावं. त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, आणि पहिली कुदळ स्वतःच मारली. गढी आमची होती, आणि तिच्याविषयी आमच्या घरातल्या पोरीचा शब्दही अण्णांचाच शब्द होता. तो मोडायची त्यांना सोय नव्हती. हे मला तेव्हा नीट माहीत होतं. म्हणूनच तर मी अण्णांचं नाव घेतलं.

पाच दिवस मी कोनाड्यात बसून त्या फटीतून माती चढताना बघितली. पुस्तक हातात असायचं. अण्णा गढीकडे फिरकले नाहीत, आपला शब्द पाळला गेला की नाही हे बघायला त्यांना कधी जावं लागत नसे. शांतवनबाबांनी आपल्या परीनं जेवढं करता येईल तेवढं केलं. ती माती दोनदा चाळली, राख उडवली, कुठून कुठून भुसा आणून मळला, उतार जास्त दिला, चोपणं तर दिवस मावळेपर्यंत चालू असायचं. आमच्या घरावर त्यांना कधी एवढं चोपावं लागलं नव्हतं. त्या आवाजानं मला अन्न गोड लागेना. अण्णांना सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. मग वाटलं, चाळलीय, चोपलीय, कदाचित टिकेल. चुकीच्या गोष्टीला असा ‘कदाचित’ जोडला की माणूस आठवडेच्या आठवडे काढू शकतो, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले.

मृगात टिकलं. आषाढातही टिकलं. पोळ्याच्या अलीकडे झड लागली, तीन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गरम वरणात भाकरी कुस्करून जेवत होतो आणि खालच्या अंगाला आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला. वीज असेल म्हणून अण्णा उठलेही नाहीत. मग माणसं ओरडत वर आली. पाणी पिऊन जड झालेलं छत नव्या सागाच्या सरांसकट बसलं होतं आणि बसताना त्यानं नदीकडची भिंत बाहेर ढकलली होती. दोन्ही कमानी गेल्या. वार रविवार नव्हता म्हणून आत कुणी नव्हतं. भजनाची पेटी तेवढी दबली. हे ‘म्हणून’ मी जन्मभर देवाकडे, कुठल्या ते ठाऊक नाही, ठेव म्हणून ठेवलंय.

सगळं गाव तिथं जमलं. मी अण्णांच्या मागं उभी होते. अण्णांनी ढिगातली माती हातात घेतली, चुरली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“ही पूर्वेची हाय. मी पश्चिमेची सांगितली होती. ही कुणी उचलायला लावली तुला?”

शांतवनबाबा भिजलेले, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी कदाचित बोलले असते. मग अण्णांकडे वळून म्हणाले, “माजीच चूक झाली, मालक. जवळ पडती म्हनून उचलली.”

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. उलट, हे लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते, मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, चार पावलं चालायचा कंटाळा केलास, देवाचंही घर नीट केलं नाहीस. लोकांनी माना हलवल्या. ज्या बायका माझ्या मागून गढीवर आल्या होत्या, ज्यांनी सगळं ऐकलं होतं, त्या जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एकही बोलली नाही, कारण बोलायचा हक्क तिथं माझ्याकडे होता.

त्यानंतर शांतवनबाबांना गावात कुणी माळवदावर बोलावलं नाही. चर्च पुन्हा उभं राहिलं नाही. मिशनचे पाळक उदगीरहून महिन्याला यायचे तेही पुढे यायचे थांबले, वस्ती लिंबाखाली बसून प्रार्थना करू लागली. कमानीचे कोरलेले दगड एकेक करून गावात गेले. त्यातले दोन आमच्या गोठ्याच्या दाराला लागले, आणि मी रोज त्यांच्यामधून वाकून शेण काढायला जायची. पण दगडांपेक्षा वाईट झालं ते वेगळंच. गावानं त्या माणसाच्या नावाचं विशेषण करून टाकलं. आळसानं केलेलं, टिकायचं नाही असं काम म्हणजे ‘शांतवनी’. शिवण उसवली, शांतवनी. बांध फुटला, शांतवनी. एकदा माझी भाकरी तव्यावर फाटली तर आई हसत म्हणाली, काय ही शांतवनी भाकर केलीस. मी ती फाटकी भाकरी गुपचूप खाल्ली. वर्षभरात त्यांनी गाव सोडलं. लातूरच्या कुठल्याशा डाळ मिलमध्ये झाडलोटीला लागले असं कळलं.

आणि बुरूज वाचला. त्या उन्हाळ्यात चर्चची माती त्याच्याखालून गेली असती तर तो उभा राहिलाच नसता. पुढे एकेका घरापुरती माती लागायची, मग पत्रे आले, भूकंपानंतर तर माळवदाखाली झोपायची कुणाची छाती राहिली नाही. गढीच्या बाकीच्या तीन बाजू रस्त्याच्या भरावासाठी जेसीबीनं खाल्ल्या. मी शिक्षिका झाल्यावर बुरुजासाठी अर्ज केले, कुंपण करून घेतलं. दोन वर्षांमागं लातूरला एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. सूत्रसंचालक म्हणाले, बाईंनी लहानपणापासून हा बुरूज जपला. टाळ्या झाल्या. मी हात जोडून उभी होते. ती शाल मी अजून घडी मोडून वापरलेली नाही.

या उन्हाळ्यात नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्या निवृत्तीनंतरच्या लातूरच्या घरी आली. मयूरी तिचं नाव. खाली क्लासच्या पोरांच्या गाड्यांचा गलका, त्यातून वाट काढत घामाघूम होऊन आली. आमच्या खोऱ्यातल्या जुन्या वास्तूंची ती नोंद करत होती, गढ्या, देवळं, दर्गे, आणि आमच्या चर्चचा उरलेला चौथराही तिनं मोजून आणला होता. तिचं काम नीटनेटकं. प्रत्येक वास्तूला एक फॉर्म. चर्चच्या फॉर्मात ‘पडण्याचे कारण’ या रकान्यात तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं, गवंड्याचा हलगर्जीपणा. मी विचारलं, हे कुणी सांगितलं. ती म्हणाली, गावात सगळेच सांगतात, शांतवन नावाचा कुणी होता, त्यानं आळशीपणा केला. मग सहज म्हणाली, मॅडम, तुम्हाला आठवतो का तो?

मी तिला सगळं सांगितलं. अण्णा, उजवीकडे वळणं, जिभेवरची चिमूट, सगळं. ऐकताना तिनं पेन्सिल खाली ठेवली. शेवटी म्हणाली, “मॅडम, तुम्ही किती लहान होता तेव्हा.” चांगल्या मनाची पोर आहे. मी तिला म्हटलं, ते खोड आणि माझं नाव लिही. तिनं खोडरबर काढलं, ते वाक्य खोडलं, पण माझं नाव लिहायला तिचा हात होईना. रकाना कोराच ठेवून ती गेली. म्हणून मला हे लिहावं लागलं.

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितली नाही. मॅट्रिक होऊन मी कॉलेजसाठी नांदेडला निघाले होते. उदगीरच्या स्टँडवर अण्णा तिकीट काढायला गेले होते आणि मी ट्रंकेवर बसले होते. लातूरच्या गाडीची वाट बघत शांतवनबाबा खांबाला टेकून उभे होते. केस पार पांढरे, डोळे आत डाळीचा कोंडा गेल्यासारखे लाल. मी ओळख न दाखवायचं ठरवून पलीकडे बघितलं. तेच जवळ आले. दोन हात लांब थांबले, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. कुठं निघालात, शिकायला का, म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी आवाज थोडा खाली आणला.

“त्यो पच्चिमेचा बुरूज हाय ना अजून? त्या कोनाड्यात बसून तुमी वाचायच्यात. माळवदावरनं दिसायचं मला.”

माझ्या तोंडून ‘हाय’ एवढंच निघालं.

“हाय ना? मंग बरं झालं,” ते म्हणाले.

गाडी लागली. अण्णांनी हाक मारली. मी ट्रंक उचलली आणि मागं न बघता चढले.